शेरा

मशीन म्हणतं, कुताइसीत आमची गिऱ्हाइकं चार हजार दोनशे बारा.
वाझा हसतो. एवढ्या भट्ट्या असत्या
तर हे शहर पाव खाऊनच मेलं असतं.

त्याचा शेवटचा आठवडा.
मी पिठाच्या ट्रकमध्ये त्याच्या शेजारी,
मांडीवर लॅपटॉप, कळांच्या फटीत मैदा,
आणि कानात साहेबांचा हुकूम: यादी धुऊन आण.

रिओनीच्या पुलापलीकडं पहिलीच भट्टी, आणि नोंदी तीन.
एक नवऱ्याच्या नावावर. तो जाऊन सहा वर्षं झाली.
एक रस्त्याच्या जुन्या नावावर. नाव दोनदा बदललं,
रस्ता आपला होता तिथंच.
तिसरीत नुसता फोन, आणि नावाच्या जागी एक टिंब,
कारण रकाना रिकामा सोडला की मशीन पुढं जाऊ देत नाही.
एका नोंदीत तीनशे चाळीस लारी येणं,
दुसरीत सगळं चुकतं.
लामारा पदराला हात पुसत म्हणते,
"यातली तुला आवडेल ती मी."

आमच्या बोलीत क एकच नाही.
एक श्वास सोडत म्हणायचा, एक घशात आवळून.
परदेशातून आणलेल्या मशीनला एकच ठाऊक.
म्हणून गेल्या हिवाळ्यात दोन घराणी एक झाली,
ना नातं ना गोतं,
आणि याची उधारी त्याच्या दारात जाऊन बसली.
दोघंही अजून आमच्याशी नीट बोलत नाहीत.
एकमेकांशी मात्र बोलू लागलेत.

जन्मतारीख सक्तीची केली तेव्हाची गंमत:
आमच्याकडं साडेसहाशे माणसं एक जानेवारीला जन्मलेली.
त्या सकाळी सगळ्यांना शुभेच्छा जातात.
गेलेल्यांनाही.

मी लामाराला म्हटलं, ती पहिली नोंद पुसते.
ती थांबली. मग खणातून एक जुना फोन काढला,
चार्ज केलेला.
"वर्षातून एकदा वाजतो," म्हणाली. "तुमचाच."
मशीनमध्ये दोनच पर्याय होते: सक्रिय, निष्क्रिय.
मी लॅपटॉप मिटला. वाझानं उगाच आरशाकडं बघितलं.

मग तो सांगत गेला, मी टिपत गेले.
गुरामकडं सातच्या आत पोतं नको, सासू दुकानातच झोपते.
निळ्या फाटकाची भट्टी विकली गेली, पाटी जुनीच आहे,
नवा मालक जुन्याच नावानं सही ठोकतो.
ईस्टरच्या आधी पास्कासाठी दुप्पट पीठ,
पण टेकडीवरच्या म्हातारीला नाही,
ती यंदाही दुप्पट मागेल. देऊ नकोस. तिची भट्टी थंड आहे.
अर्धं पोतं दे, आणि बिलावर एक पूर्ण लिही,
नाहीतर तिला कळेल.

हे कुठल्या रकान्यात घालू, वाझा?
शेऱ्याला अक्षरं मिळतात पन्नास.

शिळ्या पावाला बुरशी येते, बोट लावलं की कळतं.
माहिती शिळी झाली तर दिसत नाही काही.
आकडे तसेच ताठ, रांगेत, ताजे असल्यासारखे,
आणि ट्रक बंद दारासमोर उभा.

शुक्रवारी संध्याकाळी यादी उरली एकोणीसशे सात.
साहेब खूश. तक्ता हिरवा.
त्यातली एक नोंद मी मोजायला विसरले, असं मी सांगितलं.

सोमवारी नव्या ड्रायव्हरचा फोन.
"पत्ता बरोबर आहे. पण दार नाही."
मी वाझाला फोन लावला. तो कुणाच्या तरी द्राक्षवेली बांधत होता.
मग मी टाइप केलं:
दार मागं. कुत्रं भुंकतं, चावत नाही.
खाली आजची तारीख घातली.

कुत्रं म्हातारं आहे, हे वाझा नंतर म्हणाला.